पंधरा किलोमीटरवरचे परके

बेळगावातून वेंगुर्ला रोडने निघालं की पंधराएक किलोमीटरवर शिनोळी लागतं. तिथं महाराष्ट्राची एमआयडीसी आहे. तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. पण कोल्हापूर शहर तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि बेळगाव हे असं हाकेवर. त्यामुळे तिथल्या कारखान्याला माणूस हवा झाला की तो बेळगावच्या बाजूनं येतो. उलट चंदगडची पोरं इकडे उद्यमबागेत फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला येतात. वर निपाणीकडे बघा, तिथल्या पोरांना कागलची एमआयडीसी बेळगावपेक्षा जवळ. खाली खानापूरची पोरं गोव्याच्या हॉटेलांत. कामाच्या हिशेबानं हा सगळा एकच मुलूख आहे.

सरकारी कागदावर मात्र तो तीन राज्यांत वाटला गेलाय. २०१८ साली केंद्रानं जागतिक बँकेच्या मदतीनं ‘संकल्प’ योजना आणली. जिल्ह्याजिल्ह्यात कौशल्य समिती, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि त्या समितीनं जिल्ह्याचा आराखडा करायचा: इथं कुठल्या कामाची माणसं लागणार आहेत, कुठले कोर्स चालवायचे. कल्पना चांगलीच होती. दिल्लीत किंवा बेंगळूरला बसून वेल्डर किती लागतील हे ठरवण्यापेक्षा जिल्ह्यात ठरवणं कधीही बरं. पण जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याच्या वेशीवर संपतो. शिनोळीला टर्नर लागला तर ती गरज कोल्हापूरच्या वहीत, आणि टर्नर होऊ शकणारा मुलगा बेळगावच्या वहीत. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, फक्त त्या एका टेबलावर येत नाहीत.

त्यातून मग ‘स्थानिक’ या शब्दाचा घोळ. महाराष्ट्रात सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के स्थानिक घ्या असं सांगितलं जातं, आणि स्थानिक म्हणजे राज्यातला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानंही खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. उद्योगांनी आरडाओरडा केल्यावर ते दोन-तीन दिवसांत थांबवलं. या व्याख्या लावून बघा. शिनोळीच्या कारखान्याला नंदुरबारचा मुलगा स्थानिक आणि पंधरा किलोमीटरवरचा बेळगावचा परका. उद्यमबागेत बिदरचा स्थानिक, चंदगडचा परका. रोज सायकलवर येणारा माणूस परका कसा होतो, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, कर्नाटकाशी असलं सहकार्य म्हणजे सीमालढ्याला पाणी सोडणं. मला तसं वाटत नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिथल्या सरकारी भरतीला बसता येतं, ही सवलतही मोलाची आहे. पण सरकारी जागा किती आणि फॉर्म भरणारे किती, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. बाकीच्यांनी निकाल लागेपर्यंत काय करायचं?

अल्सास नावाचा प्रांत १८७१ ते १९४५ एवढ्या काळात फ्रान्स आणि जर्मनीमध्ये चार वेळा हात बदलून गेला, आणि तो प्रत्येक वेळी युद्धानंच. त्याच ऱ्हाइनच्या खोऱ्यात २०१३ मध्ये दोन्ही बाजूंनी करार केला. मुलानं वर्गातलं शिक्षण आपल्या देशात घ्यायचं, प्रत्यक्ष काम नदीपलीकडच्या कारखान्यात शिकायचं. आपल्याला तर पासपोर्टही लागत नाही.

आणि कायदा म्हणाल तर तो आड येतच नाही. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालतं, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही देशभराचा आहे. अडतं ते साध्या गोष्टींत. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा इथल्या अधिकाऱ्यांनी आराखडा लिहिण्याआधी वर्षातून दोनदा एकत्र बसावं, सोबत कारखानदार असावेत, एवढंच मागायचं आहे. आणि हो, बस. डिसेंबर २०२२ मध्ये तणाव वाढला तेव्हा दोन्हीकडच्या एसट्या बंद पडल्या. नेत्यांच्या गाड्यांना वळसा घालायला दुसरा रस्ता असतो. शिफ्टला जाणाऱ्याचा खाडा पडतो. निदान कामगारांच्या आणि शिकाऊ मुलांच्या फेऱ्या कुठल्याही परिस्थितीत चालतील, असा शब्द दोन्ही महामंडळांनी द्यायला हवा.

भाषेचा मुद्दा राहिला, आणि तो मंडळात बोलायला थोडा अवघड. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा इथल्या आयटीआयमध्ये गेला की थिअरी कन्नड किंवा इंग्रजीतून येते. हातानं काम जमतं, पेपर अडतो. चंदगडहून उद्यमबागेत आलेल्याला फोरमनचं कन्नड अडतं. मराठीतून शिकण्याचा हक्क मागायचाच, तो सोडायचा नाही. पण शॉप फ्लोअरवर चालेल एवढं कन्नड येणं ही मी शरणागती मानत नाही. बेळगावच्या बाजारात आपण सगळे ते रोज बोलतोच की.

इथं आपल्या मंडळाला करता येण्यासारखं काहीतरी आहे. कानस, पान्हा, साचा, भट्टी, गेज असे फिटर, टर्नर आणि फाउंड्रीच्या कामातले दोन-तीनशे शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजीत शेजारी शेजारी मांडायचे. कन्नड विभागातले मित्र मदत करतील, मी दोघांशी बोललोय. उद्यमबागेत काम करणारे भाऊ-काका आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी आहेत, त्यांना विचारून शब्द आणा. पुढच्या अंकाआधी पहिले शंभर तरी जमवू.