सर्व्हेअर कंपनीचा, घरमालकाची बाजू मांडणार कोण?

सातपूर, प्रतिनिधी : गोदावरीच्या २०१६ आणि २०१९ मधील पुरांनी नाशिककरांना जे शिकवले, ते नंदिनी (नासर्डी) काठच्या सातपूरलाही ठाऊक आहे. घरात शिरलेले पाणी ओसरते. विम्याचा दावा मात्र कागदांत अडकून पडतो. औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालवून घर उभे करणाऱ्या कामगाराची खरी कसोटी तेथेच लागते.

पहिला गोंधळ पॉलिसीपासूनच असतो. गृहकर्जासोबत घेतलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, वादळ व भूकंपाने झालेले नुकसान धरले जाते. भरपाईचा आधार बाजारभाव नसून पुनर्बांधणीचा खर्च असतो. घरातील वस्तूंनाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. म्हणजे १२ लाखांच्या घराला २ लाख ४० हजारांचे.

नुकसानीचे मोजमाप सर्व्हेअर करतो. त्याला परवाना नियामकाचा असला, तरी त्याची नेमणूक विमा कंपनी करते. अमेरिकेतील अनेक राज्यांत विमाधारकाच्या बाजूने दावा लढविणाऱ्या 'पब्लिक अॅडजस्टर'ना परवाना मिळतो. भारतात तशी सोय नाही. त्यामुळे भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहिलेलेच बरे. त्याऐवजी वास्तुविशारद वा अभियंत्याकडून दुरुस्तीचे स्वतंत्र अंदाजपत्रक घेणे अधिक उपयुक्त. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. तो खोडून काढायचा, तर हाती पुरावा हवा. पाण्याची खूण दाखविणारी छायाचित्रे, वस्तूंची यादी व पावत्या साफसफाईपूर्वीच जमविणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळविणे आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

दाद मागण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास वा ते असमाधानकारक वाटल्यास वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. येथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमाधारकाला मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग त्यानंतरही मोकळा राहतो. उलट, आधी आयोगात गेल्यास लोकपालांचे दार बंद होते. आयोगात दाद मागण्याची मुदत दोन वर्षांची आहे. किचकट प्रकरणात वकिलावर खर्च करायचा, तर तो या टप्प्यावर.

एकूणच, व्यावसायिक मदत कोणाची घ्यावी याइतकेच ती केव्हा घ्यावी, हेही महत्त्वाचे आहे. भरपाईच्या धनादेशावर 'पूर्ण व अंतिम' म्हणून सही करण्यापूर्वी घेतलेला सल्ला नंतरच्या खटल्यापेक्षा निश्चितच स्वस्त पडतो.