नाताळ, मुलांच्या हातचा

डिसेंबर लागला की सुरतेजवळच्या इच्छापोरमधल्या आपल्या मराठी मुलांनाही लाल टोपी, चांदणी, प्लास्टिकचं झाड हवं असतं. जरूर घेऊन द्या. पण नाताळ मुलांच्या हातूनही घडू द्या. इथून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेवरच वसई आहे. तिथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळगोठा सजतो: गवत, बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढरं. दिवाळीत किल्ला केलेल्या चिमुकल्या हातांना हे सहज जमेल. करताना गोष्ट सांगा. परगावी जागा न मिळालेलं कुटुंब, गव्हाणीत निजवलेलं बाळ! खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या आपल्या घरांना ती जवळचीच वाटेल. नाताळचा आदला दिवस, २४ डिसेंबर, हा खानदेशातल्याच अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचा जन्मदिवस (१८९९). त्या संध्याकाळी मुलांना गोष्टींतून गुरुजीही भेटवा, आणि शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर दुसऱ्या दिवशी मुलांसह शुभेच्छा द्यायला नक्की जा.