पत्रिकेच्या आधी सिबिल

कार्ड दाखवून जवळजवळ फुकट मिळणाऱ्या उपम्यासाठी सुट्टीच्या हंगामात विमानतळांवरील लाउंजपुढे जी रांग लागते, ती पाहता क्रेडिट कार्ड ही मुख्यतः अल्पोपाहाराची सोय आहे, असा मध्यमवर्गाचा समज झालेला दिसतो. आणि तो दूर करण्याची बँकांनाही घाई नसावी, कारण कार्डाच्या जाहिरातीत लाउंज, सिनेमाची तिकिटे आणि रिवॉर्ड पॉइंट अग्रभागी असतात, तर व्याजाचा दर बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

वस्तुतः कार्ड हे अल्पमुदतीचे कर्ज असून, पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यास ते खरेदीपासून साधारणतः ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी वापरता येते. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ म्हणजे खाते थकीत ठरू नये एवढ्यापुरता भरावयाचा भाग. तो भरल्याने व्याज टळत नाही. ५०,००० रुपयांच्या बिलापैकी ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरून उरलेली रक्कम पुढे ढकलल्यास, दरमहा साडेतीन टक्क्यांप्रमाणे एका महिन्याचे व्याज व त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १,९६० रुपये होतात; त्याच खरेदीवर १ टक्का दराने मिळालेले पॉइंट मात्र ५०० रुपयांचेच असतात. रोख रक्कम काढल्यास तर बिनव्याजी मुदत मुळीच नसते.

ऋण काढून सण न करण्याचा ज्या घरांना सार्थ अभिमान आहे, त्यांची अडचण निराळी असते. आयुष्यभर उधारी टाळलेल्या गृहस्थाने गृहकर्जासाठी अर्ज केला, की पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, दप्तरी त्याच्याविषयी काहीच नसल्याचे उघड होते. आणि हिशेबी माणूस बँकेला अनोळखी ठरावा, हा विनोद त्या गृहस्थाला सहसा कळत नाही. अशांसाठी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवलेला खर्च आणि दरमहा पूर्ण भरलेले बिल, एवढा कंटाळवाणा मार्ग पत उभी करायला पुरेसा असतो.

ही पत आता बँकेपुरती उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे वधूच्या मामाने वराचा सिबिल स्कोअर, म्हणजे सिबिल या पतमाहिती कंपनीने दिलेला पतगुणांक, पाहण्याचा आग्रह धरला आणि कर्जांचा डोंगर दिसल्यावर जमत आलेले लग्न मोडल्याची बातमी आली. मामाची दूरदृष्टी मान्य करावीच लागेल, कारण पत्रिकेतील मंगळाला शांत असते, थकीत हप्त्याला नसते. तथापि ३०० ते ९०० या पट्ट्यातील हा आकडा घेतलेले कर्ज कसे वापरले व फेडले जाते एवढेच सांगतो. त्यात उत्पन्न दिसत नाही, बचत दिसत नाही, आणि हप्ता आईच्या शस्त्रक्रियेमुळे चुकला की चैनीमुळे, हेही दिसत नाही. शिवाय हा आकडा ज्यात असतो तो पतअहवाल त्या व्यक्तीला किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या बँकांसारख्या संस्थांनाच मिळत असल्याने, संमतीवाचून तो मिळवू पाहणाऱ्या भावी सासरच्यांनी या मामाचे अनुकरण जपूनच करावे. वराकडची मंडळी वधूचा स्कोअर मागू लागतील, तो दिवसही फार लांब नसावा.

तेव्हा विवाहेच्छूंनी आणि इतरांनीही आपला अहवाल आधी स्वतः वाचावा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी तो वर्षातून एकदा विनामूल्य दिला पाहिजे, आणि त्यातील चुकीविषयीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.