तव्यावरचा खेळ आणि मेन्यूवरचे नाव

अमेरिकेत शहरोशहरी, महामार्गालगतच्या दुकानांच्या रांगेत एक पाटी हमखास दिसते : 'जॅपनीज स्टेकहाउस अँड सुशी बार'. आत गेले की एका बाजूला मोठमोठे आयताकृती तवे, त्यांच्याभोवती आठ-आठ खुर्च्या आणि तव्यापाशी उंच टोपी घातलेला आचारी. तो उलथन्याच्या धारेवर अंडे झेलून फोडतो, कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यात तेल ओततो आणि ज्वाला काढतो, कोळंबीची शेपटी उडवून टोपीत घेतो. दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात मासे मांडलेले असतात आणि कपाटामागे सुशीचा कारागीर मान खाली घालून भात वळत असतो. न्यूजर्सीपासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांनाही ही जागा आता चांगली परिचयाची आहे. मुलांचे वाढदिवस इथे होतात, भारतातून आलेल्या आईवडिलांना कौतुकाने इथे आणले जाते. आणि जपान पाहून आलेला कुणी सोबत असला, तर 'हे काही खरे जपानी नव्हे' हे वाक्य पहिल्या घासाआधीच कानी पडते.

वाक्य बरोबर आहे, पण रोख चुकीच्या जागी आहे. खरेपणाची चौकशी जरूर करावी. ती मात्र आचाऱ्याच्या कसरतींची करण्यापेक्षा मेन्यूवर छापलेल्या नावांची करावी, असे आमचे मत आहे.

जपानमध्ये स्टेक आणि सुशी एका छपराखाली सहसा मिळत नाहीत. तिथल्या खानावळींची रीत एका पदार्थाला वाहून घेण्याची आहे. सुशीवाला सुशीच करतो, तेंपुरावाला तळणीपुढून हलत नाही, ईल मासा भाजणाऱ्याच्या दुकानात दुसरे काही मागायचे नसते. मुळात गोमांसच तिथे उशिरा आले. सम्राट तेन्मू यांनी इसवी सन 675मध्ये गाय-बैल, घोडे, कुत्री, माकडे आणि कोंबड्या यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. पुढे बौद्ध संस्कारांमुळे चार पायांच्या जनावराचे मांस शतकानुशतके बहुतेकांच्या ताटाबाहेर राहिले. 1872मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो राज्यकर्त्यांनी पाश्चात्त्य जगाला दिलेला संदेश होता. म्हणजे 'पारंपरिक जपानी स्टेक' ही परंपरा फार तर दीडशे वर्षांची.

तव्यावरच्या स्टेकचे वय तर त्याहून कमी आहे. 1945मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या कोबे शहरात शिगेजी फुजिओका यांनी 'मिसोनो' नावाचे उपाहारगृह काढले आणि लोखंडी तव्यावर गिऱ्हाइकासमोर गोमांस भाजून द्यायला सुरुवात केली. या पद्धतीचे, तेप्पान्याकीचे, जनकत्व त्यांच्याकडे जाते. त्या काळी जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. ओळखीचे मांस, डोळ्यांसमोरचा स्वयंपाक आणि आचाऱ्याचे हस्तलाघव या तिन्ही गोष्टी परदेशी गिऱ्हाइकाला भावल्या. जपानी माणसाला मात्र हा प्रकार सुरुवातीला फारसा आपला वाटला नाही.

त्याचे अमेरिकी रूप घडवले हिरोआकी आओकी यांनी. जग त्यांना 'रॉकी' या नावाने ओळखते. कुस्तीच्या निमित्ताने अमेरिकेत आलेला हा तरुण तिथेच राहिला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गाडीवर आइस्क्रीम विकून त्याने पैसे साठवले आणि 1964मध्ये पश्चिम 56व्या रस्त्यावर चार टेबलांचे 'बेनिहाना' उघडले. त्याचा होरा साधा होता : अमेरिकी माणसाला परके वातावरण आवडते, पण ताटात परका पदार्थ आला की तो बिचकतो. म्हणून वातावरण जपानी ठेवायचे आणि तव्यावर स्टेक, कोंबडी, कोळंबी हे तिघेच. या तीन वस्तूंमागे पक्का हिशेब होता. पदार्थ कमी म्हणून साठा कमी आणि नासाडीही कमी. स्वयंपाक बाहेरच होणार, त्यामुळे मागच्या मुदपाकखान्याची जागा वाचते आणि तिथे खुर्च्या लागतात. तव्याभोवती आठ माणसे जमेपर्यंत गिऱ्हाइकाला बारमध्ये बसवायचे. थांबण्याचा वेळही गल्ल्यात भर घालतो. अनोळखी कुटुंबे एकाच टेबलावर बसतात, पंगत एकदम उठते, दुसरी बसते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने बेनिहानावर 1972मध्ये अभ्यासप्रकरण लिहिले आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ते पुढे अनेक वर्षे शिकवले गेले, ते या व्यवस्थेमुळे. कांद्याचा ज्वालामुखी हा या हिशेबाचा दर्शनी भाग आहे. आचारी गंमत करतो तेव्हा तो आठ जणांच्या पंगतीला एकाच लयीत जेवू घालत असतो, आणि ते सोपे काम नव्हे. तव्याचा मधला भाग कडक तापलेला आणि कडा मंद. कोळंबी, मांस, भाजी यांना वेगवेगळा वेळ लागतो. आणि एकाला स्टेक आतून लालसर हवा असतो, तर दुसऱ्याला पूर्ण शिजलेला. हे सगळे तो बोलत बोलत, उलथणे फिरवत सांभाळतो. त्याला विदूषक समजणे हा त्याच्या कसबाचा अपमान आहे.

सुशीच्या बाबतीत शुद्धतेचा आग्रह आणखी जोरात असतो. पण इतिहास पाहिला तर सुशीइतका बदललेला पदार्थ विरळा. तिचे जुने रूप म्हणजे मीठ लावून भातात महिनोन् महिने आंबवलेला मासा. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी या नावाने ती आजही केली जाते. तिच्यात भात फक्त आंबवण्यापुरता. पुढे भातात शिर्का मिसळून आंबटपणा लगेच आणता येऊ लागला आणि 1820च्या दशकात एदो म्हणजे आजच्या टोकियोत हाताने दाबलेली निगिरी सुशी गाजली. तिचे श्रेय हानाया योहेई यांना दिले जाते. तेव्हा ती गाडीवर उभ्या उभ्या खायची वस्तू होती आणि घास आजच्यापेक्षा बराच मोठा होता. ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग, ज्यासाठी आज सर्वाधिक पैसे मोजले जातात, तो एकेकाळी कुणी विचारत नसे. कच्चा सामन तर जपानी सुशीत नव्हताच, कारण तिथल्या सामनमध्ये परजीवी जंतांची भीती असे. शेतीत वाढवलेला आपला सामन कच्चा खाता येतो, हे 1980च्या दशकात नॉर्वेने चिकाटीने प्रचार करून जपानला पटवले. 1958मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी सरकत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. कॅलिफोर्निया रोलचे श्रेय लॉस एंजेलिसचे की व्हँकूवरचे, यावर अजून वाद आहे. तेंपुराचे मूळ तर सोळाव्या शतकात गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाणाऱ्या पोर्तुगिजांकडे नेले जाते. इतके सगळे पचवलेल्या पाकपरंपरेला ॲव्होकॅडोने विटाळ होईल, हे आम्हाला पटत नाही.

बदल चालतो, हलगर्जीपणा मात्र चालत नाही, आणि तो ओळखण्याची जागा म्हणजे भात. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ शिजवून लाकडी परातीत काढतात, त्यात शिर्का, मीठ आणि साखर घालून दाणे न मोडता कापल्यासारखे परततात आणि वरून वारा घालतात. कारागीर शिर्क्याच्या पाण्याने तळहात ओला करून भाताचा गोळा उचलतो, दोन-तीन वळणांत आकार देतो, मधे किंचित वासाबी लावून माशाचा काप वर बसवतो. असा भात अंगाइतका कोमट असतो, उचलला तर तुटत नाही आणि तोंडात जाताच मोकळा होतो. फ्रिजमधून आलेला गार, घट्ट भात वरचा मासा कितीही ताजा असला तरी जेवणाची माती करतो. दुकानाची पारख करायची असेल तर दहा प्रकारच्या सॉसमध्ये बुडालेल्या रोलऐवजी आधी साध्या निगिरीची एक जोडी मागवावी.

आता नावांकडे वळू, कारण तक्रार आहे ती इथे. कोबे बीफ हे नाव ह्योगो प्रांतात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या आणि तिथेच कापलेल्या ताजिमा जातीच्या गोवंशाच्या मांसालाच लागते, तेही चरबीच्या जाळीचा ठरलेला दर्जा गाठला तर. अशी जनावरे वर्षाकाठी काही हजारच भरतात. आणि 2012पूर्वी हे मांस जपानबाहेर निर्यातच होत नव्हते. तरीही त्याआधी वर्षानुवर्षे अमेरिकेतल्या मेन्यूंवर कोबे स्टेक होता, कोबे बर्गर होता. ते मांस बहुधा 1970च्या दशकात अमेरिकेत नेलेल्या वाग्यू या जपानी गोवंशाच्या वळूंच्या अँगस गायींशी झालेल्या संकरातून आलेले होते. ते चवीला वाईट नव्हते, आजही नसते. मग ते 'अमेरिकी वाग्यू' म्हणून विकावे, लोक आनंदाने घेतील. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून पेटीत भरला की आपल्या बागायतदाराच्या पोटात जे तुटते, तेच ह्योगोच्या पशुपालकाचे होते. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन 2018मध्ये मिळाले, कोबे बीफला जपानमध्ये 2015मध्ये. दोन्हीकडे लढाई एकच, नावाची.

माशांची गत याहून वाईट आहे. ओशिआना या संस्थेने अमेरिकेतल्या 21 राज्यांतून माशांचे 1,215 नमुने गोळा करून त्यांची जनुकीय तपासणी केली. 2013मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा एकतृतीयांश मासे चुकीच्या नावाने विकले जात होते, आणि सुशीच्या दुकानांत हे प्रमाण 74 टक्के होते. रेड स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा, म्हणून घेतलेल्या 120 नमुन्यांपैकी खरे निघाले फक्त सात. 'व्हाइट ट्यूना' म्हणून दिलेला मासा बहुतेक वेळा एस्कोलार होता. त्याच्या मांसातली मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही, जास्त खाल्ला तर पोट बिघडते, आणि जपानमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे. जपानी जेवणाच्या नावावर जपानला नको असलेला मासा वाढणे, याला पाककलेतला प्रयोग म्हणता येणार नाही. ही फसवणूक आहे, आणि तिचा भुर्दंड प्रामाणिकपणे महाग मासा आणणाऱ्या शेजारच्या दुकानदाराला बसतो. हिरव्या वासाबीचेही तेच. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात वाढणारे खरे वासाबीचे मूळ महाग असते आणि किसल्यावर थोड्या मिनिटांत त्याची झणक उडते. म्हणून बहुतेक ठिकाणी, अगदी जपानमध्येही, हॉर्सरॅडिश आणि मोहरीला हिरवा रंग देऊन काम भागवतात. त्याला आमची हरकत नाही, फक्त विचारल्यावर तसे सांगावे.

आपल्याकडच्या अनेक गिऱ्हाइकांसाठी हे विचारणे चवीपुरते नसते, त्याला श्रद्धेचा आणि पथ्याचा प्रश्न जोडलेला असतो. मिसो सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा पाया असलेली दाशी ही बहुधा सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाची असते. तेंपुरासोबतच्या पातळ सॉसमध्ये ती असते, गोडसर अंड्याच्या थरांतही बऱ्याचदा असते. 'व्हेजिटेबल हिबाची', म्हणजे तव्यावरच्या भाज्या, मागवली तरी ती त्याच तव्यावर होते, जिथे क्षणापूर्वी गोमांस आणि कोळंबी होती. जागा राखताना फोनवरच सांगितले तर बरीच दुकाने तवा खरवडून आपले जेवण आधी करतात किंवा आतल्या स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करून देतात. ऐन गर्दीत सांगितले तर त्यांचाही नाइलाज असतो. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. झेन मठांतले शोजिन र्‍योरी हे पूर्ण शाकाहारी जेवण जपानचेच आहे आणि तिथे दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची व शिताके अळंबीची करतात. काकडीचा कप्पा-माकी हाही अस्सल जपानी रोल आहे. तो मागणारा गिऱ्हाईक कमअस्सल ठरत नाही.

जेवणाच्या रीतिभातींचा फार बाऊ करू नये. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, सोया सॉस भाताऐवजी माशाच्या बाजूला लावावा, आले दोन घासांच्या मधे. एक मात्र पाळावे : काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि काडीतून काडीत घास देऊ नये, कारण दोन्ही गोष्टी जपानी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. जपानमध्ये टिप देत नाहीत; अमेरिकेत ती 18 ते 20 टक्के द्यावी लागते आणि तव्यापुढे तासभर उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या कमाईत तिचा वाटा असू शकतो. तिथे काटकसर करू नये.

कोबे बीफच्या विक्रीवर देखरेख ठेवणारी संघटना 1983पासून काम करते. परवाना दिलेल्या परदेशी उपाहारगृहांची यादी ती जाहीर करते आणि प्रत्येक जनावराला दहा आकडी ओळखक्रमांक असतो. मेन्यूवर 'कोबे' वाचून शंभर-दीडशे डॉलर मोजायची वेळ आली, तर तो क्रमांक मागा. पांढरा ट्यूना पुढे आला, तर मासा नेमका कोणता ते विचारा. उत्तर देता येत नसेल, तर सरळ कोंबडी किंवा कोळंबी मागवा.