खांब कुणाच्या दारात?

शिवथरच्या घळीत रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, असं परंपरा सांगते. सांगू दे. पण त्याच खोऱ्यात गावकुसाबाहेर आपले बापजादे राबत होते, आणि त्यांच्या हातात बोरू द्यायची सोय कुठल्याच घळीत नव्हती. अक्षर डोंगरापर्यंत आलं, झोपडीपर्यंत आलं नाही.

आज तोच हिशेब इंटरनेटच्या तारेचा आहे.

तार म्हणजे काय? केसाएवढा काचेचा धागा. त्यातून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर अख्ख्या जगाचं वाचनालय, कचेरी, शाळा, बाजार. उजेडाला जात नसते. पण तार ज्या खांबावर चढते तो खांब कुणाच्या दारात पुरायचा हे ठरवणाऱ्याला जात असते, हे विसरायचं नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं. सामान्य म्हणजे कोण? मुंबई-दिल्लीत ज्याच्याकडे टेलिफोन आणि कॉम्प्युटर होता तो. २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडचं धोरण काढलं. २०११ च्या ऑक्टोबरात अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची योजना मंजूर झाली, तिचंच नाव पुढं भारतनेट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच योजनेला आणखी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. आकडे वाचून छाती भरून येते. पण तार पंचायतीपर्यंत आली म्हणजे कुठपर्यंत आली? पंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीपर्यंत. कागदावर गाव 'जोडलं' गेलं. भिंतीपासून बौद्धवाडीपर्यंत, कातकरीवाडीपर्यंत जे अंतर उरलं ते कुठल्या कागदावर आहे?

शिवथरहून खाली तीसेक किलोमीटरवर महाड आहे. हे अंतर काय चीज आहे ते महाडइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला माहीत असणार?

१९२३ साली बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला. जे पाणवठे, ज्या विहिरी, ज्या धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधल्या किंवा राखल्या जातात, त्या अस्पृश्यांना खुल्या. पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तोही पास! आणि पाणी? एक थेंब नाही. ठराव दप्तरात, तळं जागेवर, तहान जागेवर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन स्वतः चालत गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्यावर डोकी फुटली, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. तळं खाजगी आहे असाही दावा कोर्टात झाला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ चा मार्च उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं.

आता बोले ठरावाचा मुद्दा पुन्हा वाचा: सार्वजनिक पैसा. भारतनेटचा पैसा कुठून येतो? टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के सरकारच्या एका निधीत जातात. त्या निधीचं आजचं नाव डिजिटल भारत निधी. कंपन्यांचा महसूल म्हणजे तुमचं-आमचं रिचार्ज. कातकरीवाडीतली बाई रिचार्ज मारते तेव्हा त्या तारेत तिचाही पैसा जातो. तळ्यात आपलं पाणी आहे, दोस्तांनो. ओंजळ मात्र दुसऱ्याची!

कुणी म्हणेल, अरे, फोन आहेत की सगळ्यांकडे, तार कशाला हवी? हेच तर सरकार म्हणतं. २०२४ अखेर देशात ९४ कोटींच्या वर ब्रॉडबँड जोडण्या मोजल्या गेल्या. त्यातल्या तारेच्या किती? शंभरात पाचसुद्धा नाहीत. बाकी सगळी मोबाईलची बेरीज. आता एक घर डोळ्यापुढं आणा. फोन एक. बाप तो घेऊन महाडच्या एमआयडीसीत पाळीला गेला. पोरगी बारावीला. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर, सीईटीचा फॉर्म ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. ती काय करणार? बापाची वाट बघणार, नाही तर गाडीभाडं मोडून तालुक्याला जाणार आणि दुकानदाराला आपला जातीचा दाखला, आधार, पासवर्ड सगळं हातात देणार. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली तेव्हा शाळेबाहेर कोण राहिलं? ज्याच्या घरात काही नव्हतं तो. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत गावातल्या शंभर घरांपैकी पंधरा घरांत इंटरनेट, शहरातल्या शंभरपैकी बेचाळीस. पुढं फोन वाढले हे खरं. पण दिवसाचा डेटा मोजून मिळणारा फोन आणि घरातली तार यात रांजण आणि नळ एवढा फरक आहे.

आणि ते दुसरं शहाणपण, 'तुमची पोरं रीलच बघणार!' बघतील. वरच्या आळीची पोरं काय तारेवर ज्ञानेश्वरी वाचतात? बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड इंटरनेटवर फुकट पडलेत. आपल्या पोरीनं रील बघावं की खंड वाचावा हे ती ठरवील. आधी तार तर येऊ द्या.

ती आपोआप येणार नाही, कारण धंद्याचं गणित साधं आहे. गावातल्याच कुणा उद्योजकानं घरोघर जोडण्या द्यायच्या आणि बिलातला वाटा घ्यायचा, अशी नव्या योजनेची रीत. तो आधी जवळची, पक्की, पैसेवाली घरं धरणार. आपली वस्ती टोकाला. ती टोकाला कुणी नेऊन ठेवली? वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारनं २०२० साली घेतला. नावं बदलतील. वस्ती आहे तिथंच आहे, आणि मधलं अंतर उद्योजक मीटरमध्ये मोजतो.

म्हणून मागणी एकच. मोजणी गावाची नको, वस्तीची करा, घराची करा. सार्वजनिक पैशाच्या तारेची पहिली जोडणी टोकाच्या वस्तीला द्या. उलट्या बाजूनं सुरुवात करा!

वरळी-घाटकोपरच्या दोस्तांनो, तुमच्या खोलीत वायफाय आहे, हे छापून झाल्यावर तुम्ही आम्हाला शिव्याही त्यावरूनच घालाल. घाला. पण येत्या २० मार्चला महाडला याल तेव्हा तळ्यावर फोटो काढून परत गाडीत बसू नका. पुढं आपल्या वाडीत जा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा एक अर्ज टाका. आमच्या पंचायतीत तार कधी आली, ती चालू आहे का, किती घरांना जोडणी दिली, कुठल्या वस्तीत किती? चार प्रश्न, बस्स. उत्तर आलं की ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. वाडीतल्या बायापोरांना घेऊन जा. एकटे जाऊ नका.

ठराव झालाय. पैसा आपला लागलाय. आता चालत जायचं बाकी आहे.

— संपादक