पापाला प्रतिशब्द

दिवाळी अंकात पापाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढणे, हे मला कळते. पण आमच्या पालघर-बोईसरकडे हल्ली हा शब्दच ऐकू येईनासा झाला आहे, आणि त्याची चुकचुक मला लागून राहिली आहे.

पूर्वी 'पाप लागेल' हे वाक्य हिंदूंच्या ओटीवर जितके सहज येई, तितकेच ख्रिस्ती घरात. अन्न टाकले, पाप लागेल. पाण्यात घाण केली, पाप लागेल. आता चूक होते, त्रुटी राहते, फार झाले तर अनियमितता आढळते. पोप बारावे पायस यांनी 1946 साली अमेरिकेतल्या धर्मशिक्षकांना रेडिओवरून सांगितले होते की, पापाची जाणीव हरवणे हेच या शतकाचे पाप आहे. ते शतक सरले. हरवलेली वस्तू काही सापडलेली नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचेच पाहा ना. कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक केंद्रात शुद्ध व्हावे आणि मग नळाने नवापूरच्या समुद्रात जावे, अशी योजना. प्रत्यक्षात नवापूर-दांडी आणि खारेकुरण-मुरबे या खाड्यांची दैना झाल्याची तक्रार घेऊन मांगेला समाजाची परिषद 2016 साली हरित लवादाकडे गेली. 2018 च्या केंद्रीय मंडळाच्या मोजणीत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर देशात पहिले आले. (पहिला नंबर आला, पण पेढे कोणी वाटले नाहीत!) 2022 साली लवादाने केंद्र आणि शंभरावर कारखाने यांच्यावर मिळून सुमारे 160 कोटींची भरपाई बसवली.

या वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. रविवारची मिस्सा चुकवत नाहीत, चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मटणाला शिवत नाहीत. त्यांना मी एकदा या पाण्याविषयी छेडले. ते शांतपणे म्हणाले, "अहो, दंडाची तरतूद आम्ही खर्चातच धरतो." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, हे विशेष. मटणाचे पाप त्यांना ठाऊक होते. पाण्याचे पाप कोणत्या खात्यावर मांडायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

वास्तविक खाते उघडलेले आहे. 1969 साली इकडे देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले, आणि त्याच साली तिकडे रोमने मिस्साचा सुधारलेला विधी जाहीर केला. त्यातल्या पापकबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्या शेजारी चौथी बाब आली: करायला हवे होते ते न केल्याची. मला वाटते, आपल्या काळासाठी हीच बाब महत्त्वाची. रात्री झडप उघडणारा एक, उघडायला सांगणारा दुसरा, कागदावर सही करणारा तिसरा; आणि उग्र वास आला की खिडकी लावून घेणारे आपण सारे. यात पापी कोण? 'व्यवस्था', असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 साली बजावले होते की, सामाजिक पाप हे शेवटी माणसामाणसांच्या पापांचीच रास असते. ते खरेच आहे. पापनिवेदनाला कंपनी गुडघे टेकू शकत नाही. तिचा माणूस टेकू शकतो.

आणि गुडघे टेकून भागत नाही, हेही आहेच. शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य, चांगला गबर माणूस. येशू घरी आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याला नाडले होते त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. नुसता दंड भरून तो सुटला असता तर पैसे कैसराच्या तिजोरीत गेले असते, आणि नाडलेला माणूस होता तिथेच राहिला असता.

मुरब्याची कोळीण बोईसरच्या बाजारात टोपली मांडून बसते. गिऱ्हाईक मासा उचलते, नाकाशी नेते आणि विचारते, "खाडीतला की बाहेरचा?" ती बिचारी बाहेरचा म्हणते आणि भाव दोन रुपयांनी उतरवते.