उत्पत्तीची पावती दाखवा

दोस्तहो, सरळच विचारतो. हे जग कसं झालं ते आपल्यापैकी कुणी पाहिलंय? मग माईक हातात आला की इतक्या ठाम आवाजात कसं काय सांगता रे?

एका शिबिरात आपलाच कार्यकर्ता उभा राहिला. शिकलेला, चांगला पोरगा. म्हणाला, ब्रह्मदेव-बिह्मदेव काही नाही, शून्यात महास्फोट झाला आणि जग झालं, विज्ञानानं सिद्ध केलंय, विषय संपला. टाळ्या पडल्या. मी विचारलं, सिद्ध कसं केलं? तर म्हणतो, सायन्स आहे ते, मानत नाहीस का?

मानत नाहीस का! हा शब्द आपल्या बापजाद्यांनी देवळाच्या पायरीखाली उभं राहून ऐकलाय.

पोथीचा हिशोब आधी चुकता करतो, म्हंजे कुणाला गैरसमज नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नव्वदावं सूक्त आहे, पुरुषसूक्त. एका पुरुषाचा यज्ञात बळी दिला, त्याच्या तोंडाचा ब्राह्मण झाला, हातांचा राजन्य, मांड्यांचा वैश्य, आणि पायांतून शूद्र निघाला. आणि आम्ही? आम्ही पायातसुद्धा नाही. चार वर्णांच्या बाहेरचे. अख्ख्या पुरुषात आमच्या वाट्याला एक नखही आलं नाही. साला, मग आम्ही आलो कुठून? पोथीला तो प्रश्न पडलाच नाही, कारण तिला जगाची उत्पत्ती सांगायचीच नव्हती. तिला पंगत बसवायची होती. जोतीबांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या बाळंतपणाची उलटतपासणी घेतली, की एवढ्या ठिकाणांहून प्रसवणारा हा गडी विटाळाचे दिवस बाजूला बसत होता की नाही. बाबासाहेबांनी 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ लिहिताना हेच सूक्त समोर घेतलं आणि उभं-आडवं चिरलं.

गंमत अशी, की त्याच मंडलात 129वं सूक्तही आहे. तिथला कवी शेवटी म्हणतो, की हे सगळं कुठून झालं ते वर बसलेल्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. मला तो माणूस आवडतो. पण त्याच्या शंकेचा कायदा कुणी केला नाही. कायदा झाला तो पायांचा. मनूनं तो उचलला, आणि मनूची पोथी 25 डिसेंबर 1927ला महाडात जाळावी लागली.

आता विज्ञान. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. कॉलेज पाहिलेलं नाही, जे वाचलं ते पाळी संपल्यावर. आमच्याकडं नवा पोरगा आला की त्याला वाटतं सूत इथंच जन्मतं. मग हळूहळू कळतं, आधी सिम्प्लेक्स, त्याआधी ड्रॉइंग, त्याआधी कार्डिंग, त्याआधी ब्लो रूम, जिथं गाठी फुटतात. गाठीआधी जिनिंग, जिनिंगआधी कुणाच्या तरी रानातला कापूस आणि वेचणारणीची बोंडानं ओरबाडलेली बोटं. सुरुवात इथंच म्हणणारा बहुतेक वेळा आपल्याच खात्यात उभा असतो.

प्रामाणिक शास्त्रज्ञ एवढंच म्हणतो, की सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सगळं अतिशय तापलेलं आणि दाटलेलं होतं, तिथून ते पसरत आलंय. त्याच्या आधी काय, हे त्याला ठाऊक नाही, आणि तो तसं सांगतो. ‘शून्यात स्फोट’ ही भर भाषणवाल्यांची. 1964-65 साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. कुठंही फिरवा, जाईना. आत कबुतरांनी घाण केली होती, ती त्यांनी साफ केली. खरखर तशीच. ती त्या पहिल्या उष्णतेची उरलेली धग निघाली. हे मला पटतं, कारण त्यांनी आधी आपल्याच यंत्रावर संशय घेतला. तरी त्यामागचं गणित मला येत नाही. ते माझ्या हातात कुणी दिलेलं नाही. तोवर मी म्हणणार, ऐकलंय, पटतंय, पण शपथ खाणार नाही.

कारण विज्ञानाचा शिक्का मारून आपल्याला काय काय विकलंय बघा. 1901च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले. त्यानं लोकांची नाकं मोजली आणि सांगितलं, नाक जितकं बारीक तितकी जात वरची. आकडे, तक्ते, सगळं होतं. बाबासाहेबांनी काय केलं? सायन्स आहे म्हणून मान खाली घातली नाही, आणि साहेबाचं शास्त्र म्हणून थुंकलेही नाहीत. 1948च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकांचीच मापं घेतली आणि दाखवलं, की ब्राह्मण ज्या वंशाचा, अस्पृश्य त्याच वंशाचा.

आणि आज आपल्यातलेच काहीजण 2001चा एक डीएनए अहवाल डोक्यावर घेऊन नाचतात. ते परदेशी, आपण मूळचे, झालं सिद्ध! 2013 साली आलेला अभ्यास मात्र सांगतो, की इथं जवळजवळ सगळ्यांचं रक्त मिसळलेलं आहे, आणि मिसळणं सुमारे 1900 वर्षांपूर्वी थांबत आलं. म्हंजे बेटीबंदीची भिंत नंतर उभी राहिली. बाबासाहेब वेगळ्या वाटेनं त्याच्या जवळच पोचले होते. पण हे कुणी वाचत नाही, कारण यात उत्पत्तीची मिजास नाही. त्यांचं तोंड आणि आपला डीएनए, पंगत तीच की रे.

माझी शंका कुणी मंत्र्याच्या दावणीला बांधू नये. जानेवारी 2018मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चूक. पुढं 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. ही शंका नव्हे. ही पोथीसाठी जागा रिकामी करणं आहे. त्या बाईंना, जिनं आठवी नापास पोराला डार्विन वाचायला दिला, विचारा पुस्तकातून काय गेलं ते. तो पोरगा मीच.

वडीलधारे म्हणतात, पोटाचं बघ, विश्वाचं काय घेऊन बसलास. आणि तथागतांचा बाण पुढं करतात. बाण आधी काढायचा, कबूल. पण तथागतांनी ती गोष्ट उत्तर मिळाल्याशिवाय साधना करणार नाही म्हणणाऱ्याला सांगितली होती, बारा तास उभ्यानं सांधे लावणाऱ्याला नव्हे. मी बाण काढता काढता विचारतोय. वर बघून आश्चर्य करायची मक्तेदारी बंगल्यातल्या गच्चीला कुणी दिली?

तेव्हा पुढच्या शिबिरात फळा आणा, खडू आणा, आणि ते गणित येणारा एखादा माणूस आणा. रात्रपाळी असली तरी मी येतो. ती खरखर मोजतात कशी, तिथून सुरू करू.